झाकण

मुगुट इंगवले, हवालदार, निवृत्त,
यांच्याकडे वही घेऊन गेलो
ते साल एक्क्याऐंशी. ज्वारीची मळणी नुकती उरकलेली.
पलटणीच्या छापील इतिहासात त्या टेकडीला
अडीच ओळी होत्या:
सहा दिवस ठाणे राखले. हानी मोठी.
नंतर हुकमानुसार माघार.
मला बाकीच्या ओळी हव्या होत्या.

"आधी हे लिवा," ते म्हणाले,
"का आमी झाडंच बगितली नव्हती."
खटाव तालुक्यातली पोरं.
बाभळ, बोर, कुठं एखादा निंब.
इथं माणूस कोसावरून ओळखू येतो
चालीवरून, मुंडाशाच्या रंगावरून.
आणि तिथं अराकानात
बांबूच्या पलीकडं हात घातला
तर हाताला लागलेला हात
आपल्यातल्याचा का जपान्याचा, कळंना.

मग त्यांनी खळ्यावरच नकाशा मांडला.
सारवलेला उंचवटा ही टेकडी,
केरसुणीची काडी म्हणजे खालचा ओढा,
मूठभर ज्वारी म्हणजे कंपनी.
एकेक दाणा नावानं ठेवला.
लिंबाजी घार्गे, मशीनगनवर.
त्याच्या डाव्या अंगाला हैबती फडतरे.
कोंडू मुळीक, ज्याला अंधारात दिसायचं.
मैनुद्दीन शिकलगार, सगळ्यांच्या संगिनी
हाच घासून द्यायचा, घरचाच धंदा
तेवढ्यात एक कोंबडी आली.
उत्तरेचा उतार
तिनं चार टोचांत मोकळा केला.
मी हाकलायला उठलो.
"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या रातीला
त्या अंगाला आसंच झालं."

मार्च महिना. पाऊस लांब.
पाणी ओढ्याला, ओढा जपान्यांकडं.
वर एकशे अकरा माणसं आणि पाण्याचे नऊ डबे.
गोरा साहेब पहिल्याच दिवशी गेला,
मग पाणी जमादारसाहेबांच्या ताब्यात आलं.
दहिवडीकडचे. आडाच्या तळाशी उतरून
वाटीनं घागर भरलेला माणूस.
त्यांनी दाढीच्या साबणाच्या डबीचं झाकण काढलं.
माणशी दोन झाकणं, सकाळ-संध्याकाळ.
जखम्याला तीन.
मरणाऱ्याला
इथं मुगुटराव बराच वेळ थांबले.
"मरणाऱ्याला किती, ते लिवू नका."

पहाटे पानांवरचं दव पागोट्यानं टिपायचं,
पिळायचं, तेही झाकणात.
"दुष्काळी पोरं, म्हणून सहा दिस निघालं.
पाणथळ मुलखातली असती
तर तिसऱ्या दिशी वड्यावर गेली असती, तोंड लावाया.
आमच्यातला एकच गेला. हैबती.
त्यो पाण्यातच पालथा पडला. वरनं दिसत हुता.
पाणी प्याला का नाई, कळलं नाई."

उतरले ते एकोणतीस.
नवव्या दिवशी तळावर समजलं,
रस्त्याची आखणीच बदलली होती.
ती टेकडी आता कुणालाच नको होती,
जपानीही तिला सोडून पुढं गेलेले.
वडूजच्या पोस्टातून तारा निघाल्या.
पोस्टमन सायकल हातात धरून गावात शिरायचा,
घंटीला चिंधी बांधून.

मी घरून एक वाक्य लिहून नेलं होतं,
अतुलनीय शौर्याने. ते वाचून दाखवलं.
"अतुलनीय म्हंजी?"
ज्याची तुलना होत नाही असं.
"मंग मापलं कुणी?"
मी ते खोडलं.

टेकडीचं नाव विचारलं.
नव्हतं. नकाशावर नुसती उंची, फुटांत.
"आमी म्हसोबाचा माळ म्हनायचो.
माळ नव्हता. म्हसोबा बी नव्हता."

सुनेनं तांब्या-भांडं आणलं.
त्यांनी माझं भांडं काठोकाठ भरलं.
अर्धं पिऊन मी ते खाली ठेवलं,
वहीत काहीतरी लिहीत राहिलो.
वर पाहिलं तर ते भांड्याकडं बघत होते.
म्हणाले काहीच नाहीत.
मी भांडं उचललं
आणि उरलेलं प्यायलो, सगळं.